प्रा. शरदचंद्र श्रीखंडे आणि छत्तीस अधिकाऱ्यांचे कोडे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळींनी दोन अटी घातल्या. मजकूर विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा, आणि तो आपल्या माणसाविषयी असावा. कामरेजला राहून ‘आपला माणूस’ कोणाला म्हणावे हा प्रश्न तसा अवघडच. आपल्यापैकी कित्येकांची घराणी तापीच्या काठाकाठाने खानदेशातून इकडे आली. मुले गुजराती माध्यमात शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि गावी गेली की ‘तुम्ही सुरतवाले’ म्हणून ओळखली जातात. म्हणून मी मुद्दाम असाच एक मनुष्य निवडला आहे की ज्याचा जन्मही आजच्या महाराष्ट्राबाहेरच झाला. मध्य प्रदेशातील सागर हे ते गाव. गोविंदपंत बुंदेले ह्यांच्या काळापासून तेथे मराठी वस्ती आहे. त्या सागरात १९ ऑक्टोबर १९१७ रोजी शरदचंद्र शंकर श्रीखंडे जन्मले. पुढे, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. ऑयलर नावाच्या थोर गणितज्ञाने जे होणारच नाही म्हणून सांगितले होते, आणि जे पावणेदोनशे वर्षे बहुतेकांनी खरे धरले होते, ते होते. आणि एकदोनदा नव्हे, अनंत वेळा होते.

हे काय प्रकरण आहे ते कळण्यास फारसे गणित लागत नाही. पत्त्यांचा एक जोड लागतो. पत्त्यांचे नाव काढल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. येथे पैज नाही.

जोडातून एक्का, राजा, राणी आणि गुलाम असे चारही रंगांचे सोळा पत्ते काढा. ते चार आडव्या व चार उभ्या ओळींत असे मांडा की कोणत्याही ओळीत, आडव्या वा उभ्या, एकच चित्र दोनदा येणार नाही आणि एकच रंगही दोनदा येणार नाही. माझ्या शिकवणीतील मुलांना मी हे कोडे घालतो. हुशार मुले भराभर बारा पत्ते मांडतात आणि शेवटच्या ओळीत अडकतात. जी मुले आधी थोडा वेळ नुसती बघत बसतात त्यांचे बहुधा जमते. एक उत्तर असे आहे. पहिली ओळ : इस्पिक एक्का, बदाम राजा, किलवर राणी, चौकट गुलाम. दुसरी : किलवर राजा, चौकट एक्का, इस्पिक गुलाम, बदाम राणी. तिसरी : चौकट राणी, किलवर गुलाम, बदाम एक्का, इस्पिक राजा. चौथी : बदाम गुलाम, इस्पिक राणी, चौकट राजा, किलवर एक्का. ताडून पाहावे.

नीट पाहिले तर येथे दोन चौरस एकमेकांवर ठेवलेले आहेत. एक नुसत्या चित्रांचा, दुसरा नुसत्या रंगांचा. प्रत्येक चौरस स्वतंत्रपणे नियम पाळतो, आणि दोन्ही एकत्र ठेवले की प्रत्येक जोडी, म्हणजे प्रत्येक पत्ता, एकदाच येतो. ऑयलर एका चौरसात लॅटिन अक्षरे लिही व दुसऱ्यात ग्रीक. म्हणून अशा एका चौरसाला लॅटिन चौरस, आणि अशा जोडीला ग्रीक-लॅटिन चौरस हे नाव पडले.

लेओनहार्ड ऑयलर (१७०७–१७८३) हा स्वित्झर्लंडचा. त्याचे बहुतेक आयुष्य रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे व प्रशियात बर्लिन येथे गेले. शेवटच्या काळात त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती, आणि तरीही तो निबंधामागून निबंध सांगून लिहवून घेत असे. त्या वयात त्याने हा प्रश्न घातला : सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी बोलावले. ह्या छत्तीस जणांना सहा गुणिले सहाच्या चौरसात असे उभे करा की प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी येईल. पत्त्यांचेच कोडे, चाराच्या जागी सहा एवढेच. १७८२ साली हा निबंध छापला गेला.

सहाचे जमेना. का जमेना, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. प्रथम तीनाचा चौरस पाहा : क१ ख२ ग३, ख३ ग१ क२, ग२ क३ ख१. ह्यात युक्ती एकच आहे. प्रत्येक नव्या ओळीत अक्षरांचे चक्र एक घर पुढे जाते आणि अंकांचे चक्र एक घर मागे येते. तीन, पाच, सात, नऊ, कोणतीही विषम संख्या घ्या, ही युक्ती चालते. सम संख्येत मात्र घात होतो. अर्ध्या ओळी संपल्या की अक्षरे अर्धे चक्र पुढे गेलेली असतात आणि अंक अर्धे चक्र मागे. गोल फेरीत अर्धे पुढे आणि अर्धे मागे म्हणजे एकच ठिकाण! त्यामुळे पहिल्या ओळीतल्याच जोड्या पुन्हा हजर होतात. चार, आठ, सोळा ह्यांसाठी वेगळ्या रीती आहेत, पत्त्यांची मांडणी त्यांपैकीच. शिवाय दोन लहान चौरसांचा गुणाकार करून मोठा बनवता येतो. तीनाचा आणि चाराचा चौरस असला की बाराचा झालाच. आता सहा म्हणजे दोन गुणिले तीन. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. चौदा म्हणजे दोन गुणिले सात. ह्या सगळ्यांत दोन एकटाच उभा आहे, आणि दोनाचा चौरस होतच नाही. कागदावर चार घरे काढून पाहिले की लगेच पटते. तेव्हा ह्या संख्यांपाशी ऑयलरची सर्व हत्यारे बोथट झाली. त्याने अटकळ केली की सहा, दहा, चौदा, अठरा, बावीस, अशा चाराने भागून दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येचा असा जोडचौरस अस्तित्वातच नाही.

‘मला वाट सापडली नाही’ आणि ‘वाट नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. ऑयलरला हा फरक ठाऊक नव्हता असे म्हणणे वेडेपणाचे होईल. आपल्यापाशी सिद्धता नाही हे तो जाणून होता. परंतु अटकळ त्याची होती, आणि मोठ्या माणसाची अटकळ लोक हळूहळू सिद्धतेच्या भावाने घेऊ लागतात.

भर पडली ती अर्ध्या यशाने. १९०० च्या सुमारास गास्तों टॅरी नावाच्या फ्रेंच गृहस्थाने सहाच्या चौरसाचे सगळे प्रकार हातांनी तपासले. धंद्याने तो गणिताचा प्राध्यापक नव्हता, अल्जीरियात सरकारी नोकरीत होता. निकाल असा की छत्तीस अधिकारी खरोखरच उभे करता येत नाहीत. सहापुरता ऑयलर बरोबर निघाला. मग दहाही तसाच असणार असे सगळ्यांना वाटले. १९२२ साली मॅकनीश ह्यांनी तर पूर्ण अटकळीची सिद्धताच दिली. ती सदोष होती हे पुढे कळले. मॅकनीश ह्यांनी ऑयलरच्या अटकळीहून व्यापक अशी स्वतःची एक अटकळही मांडली. तिचे काम पुढे येणार आहे.

इतक्यात ह्या खेळाला शेतात काम लागले. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे सांगितले की लगेच समजते. उसाच्या चार जातींची तुलना करायची आहे. शेताचा उतार एका दिशेने, पाणी येते दुसऱ्या दिशेने. एक जात सगळी सखल भागात लावली आणि दुसरी सगळी उंचावर, तर उत्पन्नातला फरक जातीचा की जमिनीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून शेताचे सोळा वाफे पाडायचे आणि प्रत्येक जात प्रत्येक आडव्या व उभ्या पट्ट्यात एकदाच यावी अशी लावायची. हाच लॅटिन चौरस. त्यातच चार खतांचीही परीक्षा घ्यायची असेल तर जोडचौरस हवा. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती केंद्रात रॉनल्ड फिशर ह्यांनी १९१९ नंतर ह्या शास्त्राचा पाया घातला. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल ह्यांनी १९७० साली ‘संकर-४’ हे संकरित वाण दिले, हे आपल्याकडे पुष्कळांस माहीत आहे. कोणतेही नवे वाण जुन्याहून सरस आहे हे ठरवण्यासाठी असल्याच नियमबद्ध मांडणीच्या चाचण्या घ्याव्या लागतात.

भारतात हे शास्त्र कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांच्या सांख्यिकी संस्थेत रुजले. तेथे राजचंद्र बोस हे शुद्ध भूमितीचे अभ्यासक आले आणि त्यांनी शेतीच्या वाफ्यांचा संबंध भूमितीशी जोडून दाखवला. १९४९ साली बोस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे गेले. श्रीखंडे हे त्यांचे विद्यार्थी.

श्रीखंडे ह्यांचे पदवीचे शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात झाले होते. १९५० साली त्यांनी चॅपेल हिल येथे डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि तो मला ह्या सगळ्या चरित्रातला अत्यंत बोलका भाग वाटतो. त्याचा विषय होता अशक्यता. वस्तूंचे गट पाडताना प्रत्येक दोन वस्तू ठरावीक इतक्याच वेळा एकत्र याव्यात असा नियम घातला, तर वरवर हिशेब जुळत असूनही काही मांडण्या होऊच शकत नाहीत, हे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे पुढे ज्याने ‘होत नाही’ हे मत खोडून काढले, त्याने सुरुवात केली होती ती ‘होत नाही’ हेच सिद्ध करण्यापासून. ह्यात विरोध नाही. अशक्यता सिद्ध करण्यास काय लागते हे ज्याला नेमके माहीत आहे, त्यालाच ऑयलरच्या अटकळीत ते नाही हे दिसते.

पदवी घेऊन ते नागपूरला परत आले, शिकवू लागले, आणि १९५८ च्या सुमारास पुन्हा चॅपेल हिलला बोस ह्यांच्याकडे गेले. त्याच वेळी अर्नेस्ट पार्कर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने एकवीसाच्या चौरसांत मॅकनीश ह्यांची ती व्यापक अटकळ मोडून दाखवली. एक भिंत ढासळली तर शेजारचीही तपासावी, असे बोस व श्रीखंडे ह्यांनी ठरवले, आणि बावीसाचा जोडचौरस उभा केला. बावीस म्हणजे चाराने भागून दोन उरणारी संख्या. ऑयलरची अटकळ तेथेच संपली.

बावीसाची ही रचना कशी होते ते सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १८५० साली इंग्लंडमध्ये कर्कमन नावाच्या पाद्र्याने एक कोडे घातले होते : पंधरा मुली सात दिवस रोज तीन-तीनच्या पाच गटांनी फिरायला जातात; कोणत्याही दोन मुली आठवड्यात एकदाच एका गटात याव्यात. हे जमते. आता प्रत्येक दिवसाला एक अशा सात बाई नेमा आणि त्या दिवशीच्या पाचही गटांत त्या दिवसाच्या बाईंचे नाव घाला. गट चारचे झाले, एकूण पस्तीस. सात बाईंचा आपापसात आणखी एक गट करा. मुली व बाई मिळून बावीस जणी झाल्या, आणि त्यांपैकी कोणत्याही दोघी नेमक्या एकाच गटात आहेत. हिशेब करून पाहा : बावीस जणींच्या जोड्या २३१, मुली-मुलींच्या १०५, मुली-बाईंच्या १०५, बाई-बाईंच्या २१.

पुढचे काम सोपे आहे. बावीस गुणिले बावीस घरांचा चौरस आखा. प्रत्येक आडवी ओळ एकीच्या नावाची, प्रत्येक उभी ओळही एकीच्या नावाची. गंगू आणि यमू ह्यांच्या ओळी जेथे छेदतात त्या घरात काय लिहायचे? त्या दोघी ज्या एकाच गटात आहेत तो गट शोधा, त्या गटाचा चाराचा किंवा साताचा लहान जोडचौरस काढा, आणि त्यात गंगू-यमूच्या घरात जी जोडी असेल तीच येथे उतरवा. गंगूची गंगूशी गाठ पडते त्या घरात गंगूचेच नाव दोनदा. (लहान चौरसही असेच निवडायचे की त्यांच्या कर्णावर ज्याचे त्याचे नाव येईल, चार आणि सात ह्यांचे तसे मिळतात.) झाला बावीसाचा जोडचौरस. दोनाची अडचण कोठे गेली? बावीस म्हणजे दोन गुणिले अकरा, ह्या वाटेने कोणी गेलेच नाही. गुणाकाराचे दार बंद होते, म्हणून बेरजेच्या दाराने आत शिरले : पंधरा अधिक सात.

त्यानंतर पार्कर ह्यांनी दहाचा चौरस शोधला. त्या काळी कॅलिफोर्नियात एका मोठ्या गणकयंत्राने ह्या दहावर शंभरावर तास घालवले होते आणि हाती काही लागले नव्हते. मग तिघांनी मिळून शेवटचा घाव घातला : दोन आणि सहा वगळता प्रत्येक संख्येचा जोडचौरस होतो. ऑयलरच्या अनंत यादीतल्या फक्त पहिल्या दोन संख्या खऱ्या, बाकी सर्व खोट्या! एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कच्या अधिवेशनात हे जाहीर झाले आणि २६ एप्रिलच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर दहाचा चौरस रंगीत चित्राच्या रूपाने आला. ऑयलरचा डाव मोडणारे त्रिकूट म्हणून बोस, श्रीखंडे आणि पार्कर ही नावे एकत्र घेतली जाऊ लागली.

श्रीखंडे ह्यांचे नाव आणखी एका गोष्टीला कायमचे चिकटले आहे, तीही १९५९ चीच. चार गुणिले चारचा पाट घ्या. बुद्धिबळातला हत्ती एका घरातून ज्या सहा घरांत जाऊ शकतो ते त्या घराचे शेजारी समजा. येथे कोणत्याही दोन घरांचे सामाईक शेजारी नेमके दोन असतात. हेच आकडे ठेवून वेगळी शेजारव्यवस्था करता येईल काय? श्रीखंडे ह्यांनी दाखवले की पाट चाराहून मोठा वा लहान असेल तर, त्या पाटाचे आकडे धरून, मुळीच नाही. चारालाच तेवढा अपवाद, आणि तोही एकुलता एक. त्यात प्रत्येक घराचे शेजारी वर, खाली, डावे, उजवे आणि एकाच कर्णावरचे दोन असे असतात, आणि पाटाच्या एका कडेने बाहेर पडले की समोरच्या कडेने आत यायचे. ह्या सोळा बिंदूंच्या आकृतीला जगभर ‘श्रीखंडे आलेख’ म्हणतात. कोणताही सर्वसाधारण नियम सुचला की ‘ह्या आलेखाला तो लागू पडतो का’ हे पाहण्याची अभ्यासकांना सवयच लागली आहे.

पुढचे आयुष्य अध्यापकाचे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात काही वर्षे प्राध्यापक, मग मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख आणि तेथील प्रगत अध्ययन केंद्राचे पहिले संचालक; १९७८ साली निवृत्ती. नंतर काही काळ अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालकपद. त्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे हेही ह्याच शाखेतले गणितज्ञ, अमेरिकेत मिशिगनमध्ये प्राध्यापक होते. २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाडा येथे, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, श्रीखंडे निवर्तले. तेव्हा टाळेबंदी होती आणि वर्तमानपत्रांत दुसरेच आकडे छापले जात होते. ही बातमी पुष्कळांच्या नजरेतून सुटली, माझ्याही. मला ती महिन्याभराने एका जुन्या विद्यार्थ्याकडून समजली.

प्रश्न मात्र संपलेला नाही. दहाचे दोन चौरस एकमेकांशी जुळतात हे १९५९ साली कळले. दहाचेच तीन चौरस असे मिळतील काय, की त्यांतले कोणतेही दोन घेतले तरी जुळतील? असे नऊ चौरस मिळणार नाहीत एवढे १९८९ साली गणकयंत्राच्या प्रचंड आकडेमोडीनंतर ठरले. तीनांचे उत्तर आजपर्यंत कोणालाही सापडलेले नाही; होतात असेही कोणी दाखवले नाही, आणि होत नाहीत असेही नाही.

ज्या मुलांनी येथवर वाचले त्यांच्यासाठी घरचा अभ्यास : पाच रंगांच्या चिंध्या आणि एक ते पाच अंक घेऊन पाचाचा जोडचौरस करावा, अक्षरे पुढे आणि अंक मागे ही युक्ती वापरून. मग साताचा. त्यानंतर आठाचा प्रयत्न करावा, तेथे युक्ती चालणार नाही आणि डोके चालवावे लागेल. सहाच्या वाटेला जाऊ नये. ते काम टॅरीसाहेबांनी पुरे करून ठेवले आहे.